मराठवाड्यात उघड्यावर बसून निसर्गचित्रं करायची आहेत? इथून सुरुवात करा

इंटरमिजिएटची, म्हणजे चित्रकलेची शासकीय ग्रेड परीक्षा दिलेली, हात बऱ्यापैकी बसलेली मुलं विचारतात, "निसर्गचित्रं करायला कुठं जाऊ?" आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच म्हणतात, "आपल्याकडं काय आहे? कोकणात तरी जावं लागेल." हा लेख त्या मुलांसाठी आहे. नोकरी आणि संसार सांभाळून चाळिशीत पुन्हा ब्रश हातात घेणाऱ्यांसाठीही आहे.

माझं मत ठाम आहे. निसर्गचित्रण शिकायला मराठवाड्यासारखी जमीन शोधून सापडणार नाही. जिथं बारा महिने हिरवळ असते, तिथं जमिनीचा आकार झाकलेला राहतो. आपल्याकडं वर्षातले सात-आठ महिने तो उघडा असतो. टेकडीचा उतार, ओढ्याची घळ, बांधांच्या रेषा, बेसाल्टचे एकावर एक बसलेले थर, सगळं समोर दिसतं. ऊनही असं पडतं की उजेड कुठं संपला आणि सावली कुठं सुरू झाली हे शोधत बसावं लागत नाही. नव्या चित्रकाराला पहिली दोन-तीन वर्षं आकार आणि उजेड-सावली याच गोष्टींशी झुंजायचं असतं. त्या इथं दारातच आहेत.

आधी जागा ठरवा, आणि एकच ठरवा

पहिल्या वर्षासाठी पायी किंवा सायकलवर जाता येईल अशी एक जागा निवडा. गावाबाहेरचा पाझर तलाव, पडकी गढी, जुनी बारव, नदीवरचा पूल, मारुतीच्या पारावरचा पिंपळ, काहीही चालेल. अट एवढीच, की तिथं बसायला सावली हवी आणि समोर जवळचं, मधलं आणि लांबचं असं तीन अंतरांवरचं काहीतरी दिसायला हवं.

एकच जागा का? नवा माणूस दर रविवारी नवीन ठिकाणी जातो आणि त्याचा अर्धा वेळ ‘काय काढू’ यातच जातो. ओळखीच्या जागी हा प्रश्न उरत नाही. तोच कडुनिंब माघ-फाल्गुनात पान गाळतो, चैत्रात तांबूस पालवी धरतो, जूनमध्ये दाट होतो. तोच तलाव दिवाळीला काठोकाठ असतो आणि मेमध्ये त्याच्या तळाला भेगा पडतात. विषय एक असला तरी चित्रं वेगवेगळी होतात. जुन्या पिढीतले चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरच्या कोटितीर्थ तळ्याकडं किती वेगवेगळ्या प्रहरी, किती उजेडांत पाहिलं ते त्यांच्या चित्रांत दिसतं. तळं मात्र एकच होतं. देवगिरी आणि वेरूळ कुठं पळून जात नाहीत. हात थोडा बसल्यावर तिकडं जा.

सामान: एका खांद्यावर मावेल एवढंच

सुरुवातीला जलरंगच घ्या, असं मी सांगतो. तैलरंग ओले असताना एसटीतून घरी आणणं त्रासाचं असतं. ॲक्रिलिक आपल्या उन्हाळ्यात पॅलेटवरच वाळून चामड्यासारखं होतं. जलरंगांना पाणी, कागद आणि दोन-तीन ब्रश पुरतात.

रंग थोडे, पण आर्टिस्ट दर्जाचे घ्या. बारा नळ्यांच्या स्वस्त संचापेक्षा सात चांगल्या नळ्या कितीतरी बऱ्या. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, लाइट रेड, अल्ट्रामरीन ब्लू, सेरुलियन ब्लू आणि एक स्वच्छ पिवळा, म्हणजे गॅम्बोज किंवा लेमन यलो. एवढ्यांत मराठवाड्याचे बहुतेक रंग निघतात. काळी नळी घरीच ठेवा. तयार सॅप ग्रीनची सवय लागू देऊ नका, नाहीतर तुमचं प्रत्येक झाड एकाच नर्सरीतून आणल्यासारखं दिसेल. नळीवर रंग उन्हात किती टिकतो याची खूण असते, ती पाहून घ्या. क्रिमसन लेकसारखे रंग भिंतीवर काही वर्षांत फिके पडतात.

कागदावर काटकसर करू नका. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद लागतो, आणि परवडत असेल तर पूर्ण सुती कागद घ्या. सुती कागद पाणी धरून ठेवतो. ४० अंशांच्या कोरड्या हवेत ही गोष्ट फार मोलाची ठरते. २२ × ३० इंचांच्या पूर्ण शीटचे चार तुकडे केले की ११ × १५ इंचांचे कागद मिळतात. पहिलं वर्षभर याहून मोठं काही करू नका. रोजच्या सरावाला शाळेच्या दुकानात मिळणारा कार्ट्रिज कागद ठीक आहे, पण तो पेन्सिल आणि एका रंगाच्या अभ्यासापुरताच. ओल्या रंगाला तो दाद देत नाही, आणि मग दोष आपल्या हाताचा आहे असं वाटत राहतं.

ब्रश तीन घ्या: बारा नंबरचा गोल, सहा किंवा आठ नंबरचा गोल आणि एक इंची चपटा. फांद्या आणि तारांसाठी लांब केसांचा एक बारीक ब्रश जोडीला असू द्या. याशिवाय हलका बोर्ड, चार क्लिपा, कागदी चिकटपट्टी, ४बी पेन्सिल, जुनी सुती धोतराची चिंधी आणि पाणी फवारायची छोटी बाटली. उंच इझलची, म्हणजे चित्र टेकवायच्या तिवईची, घाई नको. घडीचं स्टूल आणि मांडीवरचा बोर्ड एवढ्यावर वर्षं निघतात.

पाण्याचं मुद्दाम सांगतो. पाणी घरून न्या, दोन लिटर पिण्याचं आणि एक लिटर रंगांचं. बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात. त्यात काही रंग फाटल्यासारखे दाणेदार होतात आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, स्वच्छ बसत नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ब्रश धुतलेलं पाणी बारवेत, तलावात, जनावरांच्या हौदात किंवा पिकात ओतायचं नाही. कॅडमियम आणि कोबाल्ट असलेले रंग विषारी असतात. जिथं माणसं टँकरची वाट पाहतात तिथं पाण्याशी असं वागणं शोभत नाही. गढूळ पाणी बाटलीत भरून परत आणा.

कधी आणि कसं बसायचं

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन तासांत सावल्यांचा सगळा पट बदलतो, म्हणून एका बैठकीचं चित्र दीड-दोन तासांत उरकायची सवय लावा. अपुरं राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिथंच जा.

उन्हाळ्यात सकाळी सहाला जागेवर पोहोचलेलं असावं आणि नऊला सामान गुंडाळावं. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. लातूरला हे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात होतं, छत्रपती संभाजीनगरला तिसऱ्यात. त्या वेळी भिंतींना सावलीच नसते, सगळं सपाट आणि पांढुरकं दिसतं. ते चित्रात पकडणं अनुभवी हातालाही जड जातं आणि प्रकृतीला तर घातकच आहे. डिसेंबरची गोष्ट वेगळी. तेव्हा भर दुपारीही संभाजीनगरला सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळं सावल्या दिवसभर लांब आणि निळसर राहतात. कार्तिक ते माघ हा आपला खरा हंगाम.

एक अपवाद बारवेचा. बारवेच्या तळापर्यंत ऊन भर दुपारीच उतरतं. पायऱ्यांच्या आडव्या कडांवर उजेड आणि उभ्या बाजूंवर सावली अशी स्वच्छ पट्टी तेव्हाच दिसते. परभणी जिल्ह्यात जुन्या बारवा पुष्कळ आहेत. यथार्थदर्शनाचा, म्हणजे पर्स्पेक्टिव्हचा, अभ्यास करायचा असेल तर त्यांच्यासारखा गुरू नाही. सगळ्या पायऱ्यांच्या रेषा कुठं जाऊन मिळतात ते आधी ठरवल्याशिवाय एकही पायरी खरी वाटत नाही.

बसताना कागद सावलीत ठेवा. उन्हातला पांढरा कागद डोळे दिपवतो, आपण नकळत गडद रंग लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. छत्री घ्यायची तर काळी किंवा पांढरी घ्या. लाल-पिवळ्या छत्रीखाली कागदावर तोच रंग उतरतो. भडक शर्टाचंही तसंच होतं.

मार्च-एप्रिलमध्ये वॉश लावेपर्यंत वाळतो, हे इथलं सगळ्यात मोठं दुखणं. कागद दोन्ही बाजूंनी भिजवा, बोर्डवर प्लास्टिक ठेवून त्यावर ओलं सुती कापड अंथरा आणि त्यावर कागद चिकटवा. खालून ओल मिळत राहिली की आकाश करायला पुरेसा वेळ मिळतो. कडा वाळायला लागल्या तर लांबून हलका फवारा मारा.

चित्र कसं उभं करायचं

बसल्या-बसल्या रंग काढू नका. पहिली दहा मिनिटं नुसतं बघा. पुठ्ठ्यात ५.५ × ७.५ सेंटिमीटरची खिडकी कापून ठेवा. ती ११ × १५ इंचांच्या कागदाच्याच प्रमाणात असते. तिच्यातून समोरचा देखावा पाहिला की काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते कळतं. सपाट मुलखात पहिला प्रश्न क्षितिजाचा येतो. आभाळात ढग असतील तर क्षितिज खाली घ्या आणि आभाळाला जागा द्या. शेताची नक्षी सुंदर असेल तर ते वर सरकवा. मधोमध ठेवलं की चित्राचे दोन तुकडे पडतात. आडव्या मुलखाला एखादी उभी गोष्ट आधार देते, मग ती बांधावरची बाभूळ असो, गढीचा बुरूज असो की विजेचा खांब.

खांबावरून आठवलं. विजेचे खांब, पत्र्याची शेड, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं, सोलर पंप, टँकरपुढं लावलेली घागरींची रांग हे सगळं चित्रातून गाळायची एक वाईट सवय आपल्याकडं आहे. कॅलेंडरवरचं खेडं बघून चित्र काढणारे बैलगाडी आणि कौलारू घर मनानंच घालतात. आपल्याकडं कौलांपेक्षा माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं अधिक, हेही विसरतात. समोर जे आहे ते काढा. शेततळ्याच्या निळ्या-काळ्या चौकोनात संध्याकाळचं आभाळ उतरतं तेव्हा ते कुठल्याही जुन्या तळ्याइतकंच देखणं असतं.

मग वहीत काडेपेटीएवढी दोन-तीन रेखाटनं करा. डोळे किलकिले करून समोरच्या सगळ्याची तीन छटांत वाटणी करा: उजळ, मधली आणि गडद. आभाळ आणि उन्हातली जमीन बहुधा उजळ, लांबची टेकडी मधली, झाडाखालची सावली गडद. या छोट्या रेखाटनात चित्र उभं राहिलं नाही तर मोठ्या कागदावरही राहत नाही, मग रंग कितीही सुंदर लावा. सावल्या कुठल्या बाजूला आहेत तिथं बाण काढून वेळ लिहून ठेवा. पुढं ऊन सरकलं तरी चित्रातल्या सावल्या तिथंच ठेवायच्या. अर्ध्या सावल्या सकाळच्या आणि अर्ध्या दुपारच्या झाल्या की पाहणाऱ्याला काय खटकतं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

मोठ्या कागदावर पेन्सिलीची रेघ कमीत कमी ठेवा. आधी आभाळ आणि त्याच ओल्या रंगात लांबच्या डोंगराची कड. मग मधलं अंतर, मग जवळचं. उजेड राखून ठेवायचा म्हणजे तिथं कागद कोरा सोडायचा, पांढरा रंग वरून थापायचा नाही. सगळ्यात गडद रंग शेवटी आणि थोडाच. जिथं नजर थांबावी असं वाटतं तिथंच बारकावे द्या, बाकीचं सुचवून सोडा. अडीच तास झाले आणि हात अजून चाळवत असेल तर ब्रश धुऊन ठेवा.

आपल्या मातीचे रंग

इथं मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण नवखे सगळ्यात जास्त इथंच अडखळतात.

काळी माती काळी नसते. पावसानंतर ओली असते तेव्हा तिचा रंग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबरच्या दाट मिश्रणाजवळ जातो. मेच्या उन्हात नांगरलेली तीच माती राखाडी-जांभळट आणि चांगलीच उजळ दिसते. पातळ अल्ट्रामरीनमध्ये लाइट रेड मिसळून पाहा. ढेकळांची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असते, तो खडबडीतपणा कोरड्या ब्रशच्या ओढीनं येतो. प्रत्येक ढेकूळ काढायला गेलात तर शेत मेलंच म्हणून समजा.

किल्ले, लेणी, बारवा, गढीची जोती सगळी बेसाल्टची. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या जोडीत तो दगड पूर्ण सापडतो. उन्हातल्या बाजूला सिएना अधिक, सावलीत निळा अधिक. दोन्ही रंग पॅलेटवर पूर्ण घोटू नका. कागदावरच एकमेकांत मिसळू द्या, म्हणजे दगड जिवंत राहतो. गढीच्या वरच्या भागाची पांढरी माती मात्र वेगळी असते. तिला ऑकरचा अगदी पातळ हात आणि सावलीत लाइट रेडचा किंचित स्पर्श पुरतो.

माळावरचं गवत दसरा-दिवाळीला सोनेरी असतं, शिमग्यापर्यंत उडून पांढुरकं होतं. दोन्हींना एकच यलो ऑकर थापू नका. फाल्गुनातल्या गवतात ऑकर नाममात्र असतो आणि जवळजवळ कोरा कागदच बोलतो. हिरव्या रंगासाठी गॅम्बोज आणि अल्ट्रामरीन मिसळा, त्यात बर्न्ट सिएनाचा थेंब टाका. आपल्या झाडांवर धूळ असते, तो थेंब ती आणतो. बाभळीच्या पानोळ्यातून आभाळ दिसतं, म्हणून ती कोरड्या ब्रशनं, मध्ये भोकं ठेवून करा. चिंच आणि वड यांचा घुमट भरीव असतो. त्यांची सावली जमिनीवर आधी टाका, मग झाड आपोआप जमिनीवर बसतं.

उन्हाळ्यातलं आभाळ निळं नसतं. धुळीनं क्षितिजाजवळ ते पिवळट-पांढरं होतं, वर कुठं तरी फिका सेरुलियन उरतो. ते तसंच ठेवलं की चित्रात उष्णता येते.

वर्षाचा फेरा आणि जायच्या जागा

मृगाचे ढग आले की पहिला महिना नुसत्या आभाळाचा अभ्यास करा. श्रावण-भाद्रपदात नळदुर्गला जा. बोरी नदी भरली की किल्ल्यातल्या पाणी महालाच्या बांधावरून नर-मादी धबधबे कोसळतात. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातलं हे बांधकाम आहे. पाऊस कमी झाला तर धबधबे सुरूच होत नाहीत, म्हणून आधी चौकशी करून निघा. बीडजवळच्या कपिलधारचा आणि पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याचा धबधबाही याच दिवसांत खुलतो. सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन पिवळं पडतं, नंतर कापूस फुटतो. कापसाच्या शेतात बोंडं काढायची नसतात. त्यांच्याभोवतीचा गडद भाग रंगवला की बोंडं आपोआप पांढरी उरतात.

लातूर-धाराशिवकडं असाल तर मार्गशीर्ष अमावस्येची वेळ अमावस्या सोडू नका. त्या दिवशी गाव रिकामं आणि शिवार भरलेलं असतं. कडब्याच्या कोपी, झाडाखाली बसलेल्या पंगती, हिरवी ज्वारी आणि हरभरा. माणसांसह निसर्गचित्र करायला असा दिवस वर्षात दुसरा नाही, आणि आंबिल-भज्जी खाल्ल्याशिवाय कुणी तुम्हाला जाऊ देणार नाही. पुढं पौष-माघात करडई पिवळी-केशरी फुलते, हुरड्याच्या आगट्या पेटतात. पैठणला नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं पाणी हिवाळ्यात पसरट, उथळ आणि शांत असतं, काठावर रोहित पक्षी उतरतात. मात्र धरणाच्या भिंतीजवळ बसू नका, तिथं सुरक्षेचे नियम आहेत. फाल्गुनात पळस पाहायचा तर किनवट-माहूरचं रान आणि अजिंठ्याची डोंगररांग.

वेरूळच्या लेण्यांचा कडा पश्चिमेकडं तोंड करून आहे. कैलास लेण्यावर चांगलं ऊन दुपारनंतर पडतं, सकाळी जाऊन उपयोग नाही. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. देवगिरीचा सुळका पूर्ण बघायचा तर किल्ल्यात न शिरता खुलताबादकडं चढणाऱ्या घाटातून पाहा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या जागी स्टूल उघडण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. हातातल्या वहीला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण तिवईसारखं काही दिसलं की अडवतात. मोठं काम करायचं असेल तर लेखी परवानगी आधीच मागा.

माणसांशी कसं वागायचं

गावाबाहेर कागद पसरून बसलेला अनोळखी माणूस दिसला की पहिली शंका मोजणीची येते. "काय मोजायलाव साहेब? रस्ता कुठून चाललाय?" ज्यांची जमीन रस्त्यात, धरणात गेली आहे त्यांच्या तोंडी हा प्रश्न भीतीपोटी येतो. म्हणून बसण्याआधी जवळच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर जाऊन राम राम घाला, कुठल्या गावचे आणि काय करणार ते सांगा. "मामा, तुमच्या बांधावर दोन तास बसू का? त्या चिंचेचं चित्र काढायचंय," एवढं पुरतं. मग चहा येतो, शेंगा येतात, आणि त्या चिंचेला कुणाचं नाव आहे तेही कळतं. उभ्या पिकातून चालू नका, बांधानं जा. घाटावर कुणी अंघोळ करत असेल, धुणं धूत असेल तर तिकडं तोंड करून बसू नका. कुणाचा चेहरा ओळखू येईल असा काढणार असाल तर आधी विचारा.

पोरं भोवती जमतात. त्यांना हाकलू नका. एकाला कागद-पेन्सिल द्या, तो बाकीच्यांना सांभाळतो.

मुलींनी सुरुवातीला दोघी-तिघींनी मिळून जावं, घरी जागा सांगून ठेवावी आणि अंधाराआधी परत फिरता येईल असं अंतर निवडावं. आठवडी बाजार, देवळाचं आवार, शाळेच्या मैदानाचा कोपरा या वर्दळीच्या जागी निवांतपणा कमी, पण माणसांच्या हालचालीचा अभ्यास उत्तम होतो. ज्या घरच्यांना हे रिकामटेकडं काम वाटतं त्यांना एकदा सोबत घेऊन जा. समोर चित्र उभं राहताना पाहिलं की बोलणं बदलतं.

जीव आधी

उन्हाळ्यात टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि ओआरएसची पुडी जवळ असू द्या. डोकं दुखायला लागलं, घाम थांबला की चित्र तिथंच सोडून सावली गाठा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा फार पडतात. ढग गडगडला की मोकळ्या रानातून उठा, एकट्या झाडाखाली मुळीच थांबू नका. ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलवर घ्या, आसपास वीज पडण्याचा इशारा त्यावर मिळतो. पडक्या गढीत आणि बारवेत दगडांच्या फटीत साप असतात. काठीनं आवाज करत जा, न बघता हात टेकू नका. किल्ल्यांवर आग्या मोहोळं असतात, तिथं धूर नको आणि अत्तरही नको.

चित्रं जपणं आणि त्यावर जगणं

प्रत्येक चित्राच्या मागं पेन्सिलीनं गाव, जागा, तारीख आणि वेळ लिहा. चित्र हातातून जाण्याआधी त्याचा चांगला फोटो घ्या. याचं मोल मराठवाड्यानं पाहिलं आहे. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कित्येक वर्षं अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा ते काम केलं, त्यातलाही मोठा भाग १८८५ मध्ये आगीच्या तोंडी पडला. तुमची चित्रं वाळवी, कसर आणि पावसाळी बुरशी यांपासून वाचवायची आहेत. जमिनीवर किंवा मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पत्र्याच्या पेटीत सपाट ठेवा.

नुसत्या निसर्गचित्रांवर घर चालवणारे फार थोडे. बहुतेक जण कलाशिक्षकाची नोकरी, ग्रेड परीक्षांचे वर्ग, व्यक्तिचित्रांची कामं किंवा शाळांच्या भिंती रंगवणं यांच्या जोडीनं हे करतात. त्यात कमीपणा नाही. रीतसर शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग असतो. १८८८ पासून चालत आलेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनालाही चित्र पाठवता येतं. नाकारलं गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा. मुंबईच्या जहांगीर कलादालनाची तारीख मिळायला वर्षं लागू शकतात. तोवर आपल्या तालुक्याच्या वाचनालयात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, मंगल कार्यालयाच्या व्हरांड्यात प्रदर्शन भरवा. लोक येतात, कारण चित्रातली जागा त्यांची असते.

विक्रीतही हाच धागा आहे. पुण्या-मुंबईला स्थिरावलेल्या माणसाला आपल्या गावची वेस, माळवदाचं घर, पडायला आलेली गढी भिंतीवर हवी असते. अशी कामं घ्या, पण प्रत्यक्ष जागेवर जाऊन करा. मोबाइलवर आलेल्या फोटोवरून केलं की उजेड हरवतो. किंमत चौरस इंचावर ठरवून कागदावर लिहून ठेवा, फ्रेम वेगळी धरा. पाव्हण्याला आणि परक्याला एकच दर सांगा. जाण्या-येण्याचा खर्च आणि अर्धे पैसे आधी घ्या. ‘घरचंच काम आहे’ म्हणणाऱ्याला चित्र भेट द्यायचं असेल तर मनापासून द्या, पण अर्ध्या किमतीला विकू नका. दर एकदा उतरला की वर चढत नाही.

फ्रेम करताना चित्र आणि काच यांच्यामध्ये पांढऱ्या किंवा फिक्या पुठ्ठ्याचा माउंट असायलाच हवा. काच कागदाला चिकटली की पावसाळ्यात डाग पडतात. लांबच्या गिऱ्हाईकाला काचेची फ्रेम पाठवू नका. चित्र आम्लरहित कागदात गुंडाळा, दोन पातळ प्लायच्या मध्ये धरून चारही कडांना पट्टी लावा, वरून प्लास्टिक घाला आणि फ्रेम तिकडंच करून घ्यायला सांगा. सोबत चिठ्ठी द्या: थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नये.